ओल्या बाईचा भोवरा

इस्पितळाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, शवागार होतं. तिथे येणाऱ्या बायकांना शेवटची अंघोळ घालायचं काम आत्या करायची. आत्या म्हणजे खरं तर एकाच मुलीची आत्या, तिच्या भावाच्या लेकीची. पण ती पोर लहानपणी एकदा "आत्या, आत्या" करत तळघराच्या दारापर्यंत आली, आणि तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचीच ती आत्या झाली. पाठीमागे मात्र तिला 'गारहाती' म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. दिवसभर पाण्यात असणारे हात ते. भर उन्हाळ्यात तिनं खांद्यावर हात ठेवला तरी माणूस दचकायचं.

या कामात ती ठरवून आली नव्हती. आधी ती शेजारच्या खोलीत चादरी धुवायची. एके दिवशी बाळंतपणात गेलेली एक मुलगी खाली आणली, आणि नेमकी धुणारी बाई तापानं फणफणलेली. मुलीची आई दारात आडवी बसली. "माझ्या पोरीला पुरुषाचा हात लागू द्यायची नाही," एवढंच म्हणत राहिली. आत्यानं हातातली चादर पिळली, झटकून वाळत घातली, हात पुसले आणि आत गेली. पुन्हा चादरींकडे ती वळली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "चादरीचे डाग राहतात. माणूस स्वच्छ निघतं."

तिची एक सवय होती. तांब्याभर पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घ्यायचं, मग समोरच्या बाईला विचारायचं, "पाणी बरं आहे ना?" आणि जरा थांबायचं. मगच ओतायचं. स्ट्रेचर ढकलणारा म्हातारा तिला चिडवायचा, "आत्या, एखादीनं उत्तर दिलं म्हणजे?"

"दिलं तर आधी तुम्हालाच हाक मारीन. पळायला तुम्ही पटाईत."

लग्न जमत आलं होतं एकदा. मुलाकडच्यांना कामाचा सुगावा लागला आणि ते लोक आले तसे गेले. आत्यानं त्याचं फार मनावर घेतलं नाही, किंवा घेतलं असलं तरी दाखवलं नाही. ती भावाकडेच राहिली. भाऊ प्लंबर. सगळ्या वस्तीचे नळ, टाक्या, तुंबलेल्या मोऱ्या त्याच्या हाताखालून जायच्या. वहिनी घरी शिवणकाम करायची. ती डावखुरी होती, तिची कात्री दुसऱ्या कुणाला चालवता यायची नाही आणि तिच्या जिभेपुढेही कुणाचं चालायचं नाही. तिचा एक नियम होता: आत्यानं कामावरून आल्यावर थेट न्हाणीघरात जायचं, कपडे बदलायचे, मगच पोरीला हात लावायचा. आत्या तो नियम काटेकोर पाळायची. "तिचं बरोबरच आहे," असं ती भावाला सांगायची. बायको आणि बहीण यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या शहाण्या माणसानं कानांत बोळे घालावेत, हे तो लवकर शिकला होता.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी पोलिसांनी एक बाई आणली. नदीच्या पुलाखाली सापडलेली. पुलाचा एक कठडा तुटलेला होता, त्याच्यावरून तोल गेला असावा असं पोलीस म्हणाला. वय तिशीच्या आसपास. अंगावर जाड कोट, त्याला पाणी सुटलेलं. टेबलावरून फरशीवर ते ठिपकत होतं, आणि आत्यानं कोट उतरवल्यावरही बराच वेळ ठिपकतच राहिलं. कोटाची वरची दोन बटणं लावलेली होती आणि त्यांच्या आड, छातीशी धरून ठेवलेलं एक पुडकं होतं. बोटं सोडवायला आत्याला कोमट पाण्याची धार धरून बसावं लागलं.

पुडकं मेणकापडात गुंडाळलेलं. आत रंगीत कागद, कोरडाच्या कोरडा. पोलिसानं ओळख पटण्यासारखं काही आहे का म्हणून तो कागद उलगडला. लाकडी भोवरा निघाला. लाल, त्याच्यावर पिवळा पट्टा. आणि त्याच्यावर दोरी आधीच गुंडाळून ठेवलेली. कुणीतरी कागद फाडावा आणि तडक भोवरा फेकावा, मध्ये एक क्षणही जाऊ नये, म्हणून.

"बाईला मूल असणार," पोलीस म्हणाला.

"किंवा भाचरू," आत्या म्हणाली. "येईल कुणीतरी."

कुणीच आलं नाही. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं. बाई कुठल्या गावची, कुणाकडे निघाली होती, काही कळलं नाही. शेवटी इस्पितळानंच तिला माती दिली. तिचा कोट जाळायच्या ढिगात गेला. भोवराही जायचा होता, पण आत्या कारकुनाकडे गेली आणि म्हणाली, "एवढं मी नेते." कारकुनानं मान वर न करता हात हलवला.

भोवरा तिनं आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला आणि त्याच आठवड्यात घरात ठिपकणं सुरू झालं.

टप. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप. भावानं न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर बदलला. मग नळ बदलला. मग भिंत फोडून पाइप बदलला. आवाज होता तिथेच, आणि तो नेमका कुठून येतो ते सांगता येत नव्हतं. शेजारी हसायचे, "प्लंबरच्याच घरात गळती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." भाऊ ओशाळा व्हायचा. फरशीवर मात्र थेंबभर पाणी कुणाला कधी दिसलं नाही.

आत्याला आवाज कळत होता. तो टेबलावरून फरशीवर पडणाऱ्या पाण्याचा होता. ती कुणाला बोलली नाही. पण दुपारी घरात एकटी असली, कपड्यांच्या घड्या घालत ट्रंकेपाशी बसली, की पाठीला गारवा लागायचा. ओल्या अंगाचं कुणीतरी मागे येऊन उभं आहे आणि रागावलेलं नाही, नुसतं थांबलं आहे. टपालाच्या खिडकीशी माणूस जसं थांबतं तसं. आत्या मागे वळून बघायची नाही. ज्यांना हातानं धुतलं त्यांची भीती कसली, असं ती आयुष्यभर म्हणत आलेली. आता तिची मान वळेना.

मयतांसाठी प्रार्थना करायला इस्पितळात एक फादर येत. वयस्कर, गुडघ्यांनी अधू, जिने उतरून आले की आधी स्टुलावर बसून घेत. पुढच्या नाताळच्या तोंडावर आत्यानं त्यांना चहा दिला आणि विचारलं, "फादर, नाताळला भेटी द्यायचं हे सुरू कुठून झालं?"

फादरांनी सांगितलं ते तिला अर्धं माहीत होतं. बाळाला बघायला पूर्वेकडून ज्ञानी लोक आले, तारा बघत बघत. सोबत सोनं आणलं, ऊद आणला आणि गंधरस आणला. तिथून ही रीत आली असं मानतात. मग पुढे निकोलस नावाचा एक बिशप होऊन गेला, तो गरिबाघरच्या मुलींच्या लग्नासाठी गुपचूप खिडकीतून पैशांची थैली टाकायचा अशी कथा आहे. लाल डगल्यातला नाताळबाबा त्याच्यावरूनच निघाला.

"गंधरस म्हणजे?"

फादर जरा घुटमळले. खोलीत नजर फिरवून म्हणाले, "तुझ्याच कामातली वस्तू ती. मयताच्या अंगाला लावायचे."

"पाळण्यातल्या पोराला?" आत्या म्हणाली. "कुणी हाणलं कसं नाही त्यांना?"

फादर खो खो हसले, हसता हसता खोकले. मग म्हणाले, "त्यावर पुष्कळ लिहिलंय लोकांनी. मला आपलं वाटतं, तू मरणार आहेस हे ठाऊक असूनही आम्ही इतक्या लांबून आलो, असं त्यांना म्हणायचं असेल."

आत्या चहाची कपबशी विसळत होती. मागे न वळता तिनं विचारलं, "आणि ते वाटेतच मेले असते तर? एखाद्या पुलावरून पडले असते तर? मग त्या भेटीचं काय?"

फादरांना त्या बाईबद्दल माहीत होतं, प्रार्थना त्यांनीच केली होती.

"माहीत नाही गं मला," ते म्हणाले. "मग ती भेट अजून वाटेतच असती, असं म्हणायचं. दुसऱ्या कुणीतरी उचलून पुढे न्यायची."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बहुधा नुसतं धीर द्यायला म्हटलं असेल. पण आत्यानं ते गाठीशी बांधलं. त्या नाताळला तिनं भोवरा नव्या कागदात गुंडाळला आणि भाचीपुढे धरला. भाची तेव्हा शाळेत नुकती जायला लागली होती.

वहिनीनं मधेच हात घालून पुडकं हिसकून घेतलं आणि कागद फाडला. त्या बाईची गोष्ट इस्पितळातून वस्तीत कधीच पोचली होती. "हा त्या बुडालेल्या बाईचा ना?"

"कोरा आहे वहिनी. कुणी खेळलेलं नाही."

"मढ्याच्या मुठीतली वस्तू माझ्या पोरीच्या हातात? डोकं ठिकाणावर आहे का वन्सं तुमचं? घरात आधीच ते ठिपकतंय. मला काय बहिरी समजता?"

म्हणजे वहिनीलाही ठिपकण्याचं कारण कळलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पोर रडायला लागली. वहिनी म्हणाली, "या घरात तुमच्या हातची भेट नको. कधीच नको." भोवरा पुन्हा ट्रंकेत गेला.

आत्या त्यानंतर घरात काही देत नसे. पण देण्याची ओढ काही तिला सोडेना. आपण कुणाला काही दिलं की पाठीवरचा गारवा जरा कमी होतो, असं तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून ती नाताळला आळीतल्या घरोघरी साबणाची एकेक वडी द्यायची. चांगला, महागातला, गुलाबाच्या वासाचा साबण, निळ्या कागदात बांधलेला. लोक तोंडभरून आभार मानायचे आणि दार लागलं की वडी लांबच्या फळीवर ठेवून द्यायचे. मयत धुणाऱ्या बाईनं दिलेला साबण अंगाला कोण लावणार? एकदा पलीकडच्या शिक्षिकेनं तिला हसतमुखानं नाताळची भेट आणून दिली. आत्यानं बघितलं तर निळा कागद, गुलाबाचा वास. चार घरं फिरून तिचीच वडी परत तिच्याकडे आली होती. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबायला वेळ लागला.

ट्रंक ती वर्षातून क्वचित उघडायची. एके वर्षी उघडली तेव्हा भोवऱ्यावरची दोरी तिला उलटी दिसली. उजवीकडून गुंडाळलेली होती ती डावीकडून झालेली. आत्यानं ट्रंक मिटली आणि तिच्यावर बसून राहिली. बाई नुसती मागे थांबत नव्हती तर. ती हात घालून बघत होती, आहे की गेला. आत्यानं दोरी पुन्हा उजवीकडून गुंडाळून ठेवली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. त्या काळात आत्या वाळत गेली. कामावर टेबलाशी उभी राहून "पाणी बरं आहे ना?" म्हणायची आणि उत्तर येईल या धास्तीनं कान झाकून घ्यायची. म्हाताऱ्यानं चिडवणं बंद केलं.

अशी वर्षं गेली. भाची शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. भावाचं नळाचं काम कमी झालं. आणि वहिनी आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ इस्पितळात उभी हयात घालवलेल्या आत्याला कुणी फोड करून सांगायला नको होता.

वहिनीचं अंथरूण शिवणाच्या मशीनजवळ, खिडकीखाली टाकलं. दिवसभर ती छताकडे बघत ऐकत असायची. एका दुपारी भाऊ औषधं आणायला गेला होता, तेव्हा तिनं हाक मारली.

"वन्सं, माझ्या अंगाला वास यायला लागलाय."

"नाही हो."

"मला खोटं सांगू नका. मला न्हायचंय. पोरगी यायला दोन दिवस आहेत, आणि यांना काही जमायचं नाही. तुम्हाला येतं."

आत्या जागची हलली नाही. "मला जिवंत माणसाचं येत नाही, वहिनी."

"मग शिका. फार दिवस नाहीयेत."

आत्यानं पाणी तापवलं. खोलीत मेणकापड पसरलं, चादर आडवी धरून एकेक अवयव उघडा करत, झाकत, तिनं वहिनीला पुसायला घेतलं. आणि सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "पाणी बरं आहे ना?"

"थोडं अजून कढत हवं."

आत्याच्या हातून तांब्या निसटला. ती तिथेच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. वहिनी घाबरली. "अहो, काय झालं? भाजलं का?"

"नाही. काही नाही. कुणी कधी सांगितलं नव्हतं."

कढत पाणी आलं. अंग पुसून झालं. केस धुताना वहिनी डोळे मिटून पडली होती, आणि डोळे मिटूनच म्हणाली, "तो भोवरा आहे ना अजून तुझ्याकडे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहिनी तिला 'तू' म्हणाली होती.

"आहे."

"पोर खेळलीय त्याच्याशी."

आत्याचे हात केसांतच थांबले.

"तू कामावर असायचीस तेव्हा. ट्रंकेची कडी तिला कधीच काढता यायला लागली होती. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी धावले. हिसकून घेणार होते. पण ती हसत होती गं. भोवरा जमिनीवर असा उभा फिरत होता, गुणगुणल्यासारखा आवाज करत, आणि ही टाळ्या पिटत होती. मी दारात बसले. तू यायच्या आत आवरून व्हावं म्हणून राखण करत. नाताळची सुट्टी लागली की दर वर्षी. दोरी मीच गुंडाळून ठेवायची."

"डाव्या हातानं," आत्या म्हणाली.

"मग काय उजव्या? मला कुठला येतोय उजवा."

आत्याला हसावं की वहिनीशी भांडावं कळेना. "सांगितलं का नाहीत मला? मी किती घाबरले होते ठाऊक आहे?"

"कुठल्या तोंडानं सांगू? कधीच नको म्हणून बसले होते. शब्द मागे घेणं मला कधी जमलंय का?" वहिनी थकून थांबली. मग म्हणाली, "ऐक. मी आता जातेच आहे तिकडं. भेटली तर सांगते तिला, पोचला म्हणून."

"ओळखाल कशी?"

"ओली असेल ना अंगानं."

दोघी हसल्या. न्हाणीघरातून आवाज आला, टप, आणि दोघी एकदमच गप्प झाल्या.

भाची आली, आईजवळ दोन रात्री बसली. नाताळला थोडे दिवस उरले असताना, सकाळच्या चहाच्या वेळी, वहिनी गेली. तिला इस्पितळात न्यायची गरज नव्हती. आत्यानं घरीच तिला न्हाऊ घातलं. पाणी कढत घेतलं. विचारलं, थांबली, मग ओतलं. या खेपेला तिनं कान झाकले नाहीत. काही ऐकू आलं का, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

माती देऊन सगळे परत आले. शेजारचे लोक गेले, घरात तिघंच राहिली. भाऊ रडला नव्हता. इतका वेळ लोकांना खुर्च्या दे, पाणी दे, असं करत होता. आता तो न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"थांबलंय," तो म्हणाला.

"काय दादा?"

"ठिपकायचं थांबलंय. मी किती वॉशर बदलले..." आणि तिथेच चौकटीला धरून तो हुंदके द्यायला लागला.

भोवरा भाचीनं नेला. पुढे घर बदलताना तिच्याकडून तो कुठेतरी हरवला. फोनवर ती फार हळहळली. आत्या म्हणाली, "असू दे. पडला असेल तिथून कुणीतरी उचलेल."

आत्या नोकरीतून निवृत्त झाली. नाताळला अजून साबण वाटते. आता एकदोन घरी तो वापरतातही, निदान तसं सांगतात. घरात ठिपकणं पुन्हा कधी झालं नाही, आणि सुरुवातीला तर तिला त्या शांततेची सवयच होईना; दुपारी ती कान देऊन बसायची. मग हळूहळू तिला जाणवलं की मागे कुणीतरी आहेच. गारवा नाही, ओल नाही. मशीनच्या बाजूला, कामात असल्यासारखं. भावाला तिनं एकदा सांगितलं.

"काय मागते?" भावानं विचारलं.

"काही नाही. नुसती असते."

भावानं मान हलवली आणि वर्तमानपत्र उचललं. थोड्या वेळानं वर न बघता म्हणाला, "तिला सांग, कात्री कुठं ठेवलीय ते मला सापडत नाहीये."

आत्यानं मागे वळून बघितलं.